पाऊस आला की लॅपटॉपचं वायफाय मरतं, फोन मात्र मस्त चालतो, काय करू?

पडवीतला_बाबू

नमस्कार मंडळी, राजापूर तालुक्यात जैतापूर खाडीच्या अंगाला आमचं गाव, ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिलीय म्हणून सध्या इथेच आईबाबांकडे मुक्काम आहे. वाडीत फायबर आलंय, बाबांनी लगेच घेतलं, पन्नास एमबीपीएस वेगाचा प्लॅन आहे आणि नेटबद्दल तशी काही तक्रार नाही. राऊटर माजघरात मीटरच्या बाजूला कपाटावर आहे (जोडायला आलेला पोरगा म्हणाला वायर इथपर्यंतच पुरते, आणि गेला) आणि मी बसतो पडवीत, कारण आत अंधार आणि आईच्या मालिका. मधे दोन चिऱ्याच्या भिंती.

लॅपटॉप २०१७ चा आहे, साधाच, विंडोज १० वर. फोनवर आमच्या वायफायची दोन नावं दिसतात, एक नुसतं आणि एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं, लॅपटॉपला मात्र एकच दिसतं, ५जीवालं कधीच दिसलं नाही. ते एक असो, खरी कटकट वेगळीच आहे. उघडीप असली की मीटिंग चालते, अगदी झकास नाही पण चालते. पावसाची सर आली रे आली की पाच मिनिटांत समोरचे ओरडायला लागतात, तुझा आवाज तुटतोय, रोबोट बोलतोय असं वाटतंय. सर गेली की पुन्हा नीट. आणि तेव्हाच बाजूला ठेवलेल्या फोनवर, त्याच वायफायवर, सगळं धडाधड उघडतं. लॅपटॉपवर सुद्धा यूट्यूब लावलं तर थोडं अडखळून का होईना चालतं, फक्त मीटिंगचाच बोजवारा.

राऊटर रीस्टार्ट, नेटवर्क फरगेट करून परत पासवर्ड टाकणं, अँटिव्हायरस बंद करणं, हे सगळं करून झालं. बाबा म्हणतात पावसात रेंज जाणारच, डिश टीव्ही नाही का जात. एक्स्टेंडर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) घेऊ का, का लॅपटॉपच बदलू? पैसे घालायची तयारी आहे पण उगाच घालायचे नाहीत.

खाडीपलीकडे

एक्स्टेंडर घे आणि विषय मिटव. हजार-दीड हजारात येतो, पडवीच्या सॉकेटला लाव, झालं.

कातळकोपरा

थांबा जरा, आधी बघू तरी दुखणं कुठे आहे ते. एक्स्टेंडर नंतर कधीही घेता येतो.

बाबांचं डिशबद्दल बरोबर आहे पण ते वायफायला लागू होत नाही. डिशचा सिग्नल १२ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो, उपग्रहावरून हजारो किलोमीटर येतो आणि वाटेतला जोराचा पाऊस तो खातो. वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर आणि तेही घरातल्या घरात, पंधरा-वीस फुटांवर, मधे पाऊस पडतच नाहीये. फायबरमधून तर उजेड जातो, त्याला पावसाशी काही देणंघेणं नाही, फांदी पडून तार तुटली तर गोष्ट वेगळी. तसं झालं की फायबरच्या डब्यावरचा एलओएस (सिग्नल गेला) लिहिलेला लाल दिवा लागतो, मग लॅपटॉपवर डोकं फोडून उपयोग नाही, सरळ फोन करून माणूस बोलवायचा.

म्हणजे पाऊस हे कारण वरवरचं आहे, पावसाबरोबर तुमच्याकडे दुसरं काहीतरी बदलतंय. ते शोधायला दोन गोष्टी करा.

पहिली, तुटतंय ते वायफाय की इंटरनेट हे ठरवा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग टाईप करा (इंग्रजीत अर्थात, मी इथे देवनागरीत लिहितोय), त्यात डिफॉल्ट गेटवे म्हणून एक नंबर येईल, बहुतेक १९२.१६८.१.१, तो तुमचा राऊटर. मग पिंग, पुढे तो नंबर, पुढे डॅश टी, आणि एंटर. हे सतत चालू राहतं, मीटिंगच्या मागे चालू ठेवा. दुसऱ्या खिडकीत असंच ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर, म्हणजे बाहेरचं इंटरनेट) पिंग लावा. राऊटरचा आकडा, म्हणजे उत्तर परत यायला लागलेला वेळ, २-५-१० मिलीसेकंद असायला हवा. तो एकदम ३००-४०० वर उडतोय किंवा रिक्वेस्ट टाइम्ड आऊट येतंय तर भानगड लॅपटॉप ते राऊटर ह्या टप्प्यात आहे. राऊटर नीट आणि फक्त ८.८.८.८ बिघडतंय तर नेटच्या कंपनीकडे बोट दाखवा. आणि गेटवेच्या जागी रिकामं आणि तुमचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर लॅपटॉपला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही, तो वेगळाच आजार.

दुसरी, कार्ड कुठलं आहे ते बघा. तिथेच नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स टाईप करा. रेडिओ टाइप्स सपोर्टेड अशी ओळ येईल. त्यात ८०२.११ए किंवा एसी असं काही असलं तर कार्ड ५ गिगाहर्ट्झ पकडतं. नुसतं एन, जी, बी असेल तर कार्ड २.४ चंच, कितीही ड्रायव्हर टाका त्याला दुसरं नाव दिसणार नाही. त्या काळातल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास असंच कार्ड घालायचे, एका अँटेनाचं.

आणि जाता जाता, राऊटरच्या नावातलं ५जी आणि मोबाइलचं ५जी ह्यांचा काडीचा संबंध नाही. राऊटरवरचं म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. आमच्या इथे एका काकांनी ५जी सिम घेतलं तरी लॅपटॉपला ५जी दिसेना म्हणून दुकानदाराशी भांडण काढलं होतं.

मालवणी_खाजो

रे बाबू, पयलां माका सांग, ता कपाट लोखंडाचा हा काय लाकडाचा? लोखंडी कपाटावर राऊटर ठेवलंस तर अर्धो सिग्नल थयच मेलो. आमच्याकडे पण चिऱ्याच्यो भिंती, हातभर जाड, आणि पावसात चिरो पाणी कसो पिता ता तुका ठावक आसाच. ओलो चिरो सिग्नल सोडणा नाय. राऊटर माजघरातसून भायर काढ आणि ओटीच्या दाराच्या वर चौकटीक खिळो मारून टांग. दार दिसभर उघडाच रवता, थयसून सिग्नल पडवीत सरळ येतलो, भिंत मधी येवची नाय. फुकटात काम होताहा. फ्रीज आणि पाण्याच्या टाकीच्या मागे तेवडो ठेव नको.

पडवीतला_बाबू

कातळकोपरा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, एन जी बी एवढंच दिसतंय, म्हणजे कार्ड २.४ चंच. पिंग पण लावून बघितलं. आज सकाळी उघडीप होती तेव्हा राऊटरचा आकडा ३ ते १५ मधे, क्वचित ४०. दुपारी सर आली, मीटिंग चालू होती, राऊटरचाच आकडा २००, ३५०, मधे मधे टाइम्ड आऊट. म्हणजे तुटतंय ते वायफायच. मीटिंग संपली तरी पाऊस चालूच होता, म्हटलं अजून बघू, तर आकडा परत खाली आला, १० च्या आत! पाऊस तसाच पडतोय. आता तर डोकंच चालेना.

खाजो, कपाट लोखंडाचंच आहे. उद्या काढतो तिथून. पण भिंत ओली म्हणून असेल तर मीटिंग संपल्यावर भिंत वाळली का?

सुरंगी

बाबू, एक विचारते. पडवीवर पत्रे आहेत ना? पाऊस आला की आवाजाचं काय करतोस? मी घरून मुलांच्या ऑनलाईन शिकवण्या घेते, आमच्या पडवीवर पण पत्रे, सर आली की मला माझंच बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मी हेडफोन चढवते. तू पण तसंच करत असशील तर तुझा हेडफोन वायरचा आहे की ब्लूटूथचा?

पडवीतला_बाबू

ब्लूटूथ. उघडीप असली की लॅपटॉपच्या स्पीकरवरच बोलतो, सर आली की हेडफोन घालतो. अरे देवा, हे कारण असू शकतं?

कातळकोपरा

सुरंगीताई, मानलं तुम्हाला. हे मला सुचायला हवं होतं पण पत्रे डोक्यातच आले नाहीत, आमच्याकडे कौलं.

बाबू, असू शकतं काय, शंभरातले नव्वद टक्के हेच आहे. ब्लूटूथ पण २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ चॅनेल असतात आणि ते सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत असतं. तुमच्या कार्डात वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर आणि बहुधा एकाच अँटेनावर आहेत. म्हणजे एका होडीतून दोघांनी आळीपाळीने खाडी ओलांडायची, एक पलीकडे गेला की दुसरा धक्क्यावर उभा. नुसतं गाणं ऐकताना ब्लूटूथ थोडं ॲडजस्ट करतं, पुढचा डेटा आधीच पाठवून ठेवता येतो. पण माइक चालू झाला, म्हणजे कॉल सुरू झाला की हेडफोन वेगळ्या मोडमध्ये जातो, त्यात आवाज दोन्ही बाजूंनी जातो आणि त्याला ठरलेल्या वेळेला ठरलेली जागा राखून लागते, थांबायची सोय नाही. मग वायफायने मधल्या फटीत काय ते उरकायचं. सिग्नल दणकट असता तर तेवढ्या फटीतही भागलं असतं, पण तुमचा सिग्नल आधीच लोखंडी कपाट आणि दोन चिऱ्यांतून गाळून येतोय, डेटाचं एक पाकीट चुकलं की परत पाठव, परत पाठव, त्यात वेळ जातो आणि रोबोट बोलायला लागतो.

यूट्यूब का चालतं ते पण ह्यातच आलं. ते पुढचं अर्धा-एक मिनिट भरून ठेवतं, मधे दोन सेकंद काही आलं नाही तरी कळत नाही. मीटिंगला पुढचं भरून ठेवता येत नाही, माणूस अजून बोललेलाच नसतो. आणि फोन चालतो कारण तो ५ गिगाहर्ट्झवर असणार आणि हेडफोन त्याला जोडलेलाच नाही.

तपासायला खर्च काही नाही. घरात कुठेतरी फोनबरोबर आलेला जुना वायरचा हेडफोन पडला असेल, तो लावा, लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद करा, नुसतं डिस्कनेक्ट नाही, बंदच, आणि पुढच्या सरीला पिंग बघा. ब्लूटूथचा माउस असेल तर तपासताना तोही बंद राहील, नंतर वापरायला हरकत नाही, त्याचा भार नगण्य असतो.

ते करताना अजून एक सेटिंग बदलून ठेवा. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क ॲडाप्टर्स, वायफाय कार्डावर डबल क्लिक, पॉवर मॅनेजमेंटचा टॅब, तिथे वीज वाचवायला हे कार्ड बंद करू दे अशा अर्थाची टिक असते, ती काढा. लाईट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की ही टिक खेळ करते. कोकणात राहून ती ठेवणं म्हणजे आपणच कुऱ्हाड मारून घेणं.

खाडीपलीकडे

हे सगळं ठीक आहे पण सिग्नल कमजोर आहे ना शेवटी? मग एक्स्टेंडर लागणारच. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

कातळकोपरा

एक्स्टेंडरला माझा विरोध एवढ्यासाठीच की तो पडवीत लावला तर त्याला पण तोच गाळलेला सिग्नल मिळणार, तो तोच मोठ्याने ओरडून सांगणार. लॅपटॉपवर दांड्या फुल दिसतील आणि मीटिंग तशीच तुटेल. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, ओटीत, जिथे त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळतोय तिथे. आणि स्वस्तातले जे एकाच बँडचे असतात ते तोच रेडिओ वापरून राऊटरशी बोलतात आणि तुमच्याशीही, त्यामुळे स्पीड साधारण अर्धा होतो. पन्नासच्या प्लॅनवर मीटिंगला पुरेल म्हणा, दोन-चार एमबीपीएस बास होतात. पण राऊटर हलवून काम होत असेल तर कशाला मधे अजून एक डबा आणि अजून एक ॲडाप्टर.

खाडीपलीकडे

राऊटर हलवायला फायबर पुरली पाहिजे ना. काचेची तार आहे ती, ओढून ताणून वाकवली की गेली.

कातळकोपरा

हे मात्र बरोबर. फायबर कोपऱ्यात करकचून वाकवायची नाही, खिळ्याला गुंडाळायची नाही. ताण येत असेल तर कंपनीच्या माणसाला बोलवून लांब तुकडा जोडून घ्या, त्यांच्याकडे जोडायचं मशीन असतं. नाहीतर डबा आहे तिथे राहू दे आणि लॅनची केबल ओटीत आणा, तिथे कपाटात पडलेला एखादा जुना राऊटर लावा. त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करायचं, पत्ता १९२.१६८.१.२ वगैरे द्यायचा म्हणजे मोठ्याशी भांडण नको, केबल त्याच्या वॅनच्या (बाहेरचं नेट आत घ्यायच्या) नाही तर लॅनच्या भोकात घालायची, नाव आणि पासवर्ड मोठ्याचेच ठेवायचे. एक्स्टेंडरपेक्षा दसपट भरवशाचं.

पडवीतला_बाबू

रिपोर्ट देतो. ताईंचं निदान शंभर टक्के. बाबांच्या ड्रॉवरमध्ये वायरचा हेडफोन सापडला, पिन हिरवट झालेली, खाऱ्या हवेने, ती खोडरबराने घासली आणि चालला. काल संध्याकाळी पत्रे फुटतील असा पाऊस होता, मीटिंग चालू, राऊटरचं पिंग ४ ते २०. कोणी काही बोललं नाही. मग मुद्दाम मीटिंग चालू असतानाच ब्लूटूथ चालू करून हेडफोन जोडला तर दहा सेकंदांत आकडा ३०० पार. वायरवर आलो, परत खाली. ह्याहून पक्का पुरावा काय पाहिजे.

राऊटर सुद्धा कपाटावरून काढला. फायबर गुंडाळी करून मागे ठेवलेलीच होती, बऱ्यापैकी निघाली, आता ओटीच्या दाराच्या चौकटीवर आहे, खाजो म्हणतो तसा. लॅपटॉपला आधी ३५-४० टक्के दाखवायचं (नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस मध्ये), आता ८० च्या आसपास. आई म्हणाली देव्हाऱ्याच्या वर डबा टांगलास, म्हटलं बाजूला आहे गं, वर नाही.

आता पुढचं. ५ गिगाहर्ट्झचा यूएसबी डोंगल (बाहेरून लावायचं वायफाय कार्ड) घ्यावा का? म्हणजे ब्लूटूथ पण वापरता येईल. वायरने कान अडकतात, मला फिरत बोलायची सवय.

कातळकोपरा

घ्यायला हरकत नाही, आता घेण्यात अर्थ आहे. आधी घेतला असता तर पैसे वाया गेले असते, कारण ५ गिगाहर्ट्झ भिंतीपुढे २.४ पेक्षा लवकर मान टाकतं, दोन चिरे पार करून पडवीत काही उरलं नसतं. आता दार उघडं आणि समोरासमोर असल्यामुळे चालेल. घेताना ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही) आणि एसी लिहिलेला बघा, नुसतं वायफाय ५जी वगैरे छापलंय म्हणून घेऊ नका. तो लावला की आतलं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करायचं, फक्त वायफायची नोंद, ब्लूटूथची नाही, म्हणजे २.४ ची अँटेना हेडफोनला मोकळी मिळेल.

आतलं कार्ड बदलायचं असेल तर त्या वयाच्या लॅपटॉपात बहुतेक एम.२ चं छोटं कार्ड असतं, दोन इवल्याशा काळ्या-पांढऱ्या वायरी टोचलेल्या असतात. मात्र काही कंपन्यांचे लॅपटॉप त्यांच्या यादीबाहेरचं कार्ड लावलं तर चालूच होत नाहीत, आणि एका अँटेनाच्या मॉडेलात दुसरी वायरच घातलेली नसते. म्हणून तुमच्यासारख्याला डोंगल बरा. डोंगलच्या बाजूच्या भोकात यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावून ठेवू नका, तिची केबल २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते.

आणि विंडोज १० बद्दल तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो, १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा नेहमीचा सपोर्ट बंद झालाय. लॅपटॉप ११ घेत नसेल तर आज ना उद्या विचार करावा लागेलच, तेव्हा डोंगलवर फार पैसे घालू नका.

दीपगृह_जवळ

मधेच घुसतो. राऊटर दारावर टांगलात, छान, पण लाईटचं काय केलंत? आमच्याकडे गुहागरला पावसाळ्यात लाईट जाते तशी येते, दर वेळी राऊटर बंद होऊन परत उठायला दोन-तीन मिनिटं खातो, मीटिंगमधून बाहेर. राऊटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, आतमध्ये बॅटरी आणि बाहेर १२ व्होल्टची पिन. घेण्याआधी राऊटरच्या ॲडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर काय लिहिलंय ते वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतं पण ९ चे पण असतात. आणि फायबरचा डबा वेगळा, राऊटर वेगळा असेल तर दोघांनाही पाहिजे, एकालाच लावून दुसरा मेला तर काय उपयोग. निसर्ग वादळ आलं, ३ जून २०२०, तेव्हा दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती, तसल्या प्रसंगाला यूपीएस कामाचा नाही, पण रोजच्या अर्ध्या तासाला मस्त.

दुसरं विजेचं. मे अखेरीला आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की ॲडाप्टर भिंतीतून काढायचा, बटण बंद करून भागत नाही. काचेच्या तारेतून वीज येत नसली तरी लाईटच्या वायरीतून येते, आणि लॅनची केबल लॅपटॉपला लावलेली असेल तर तीपण काढा, नाहीतर राऊटरबरोबर लॅपटॉपही जातो. माझ्या चुलत्यांकडे अशी टीव्ही, मोडेम आणि कॉम्प्युटरची पूर्ण माळ गेली होती.

सुरंगी

लाईट जास्त वेळ गेली तर मी फोनवर येते. पण हॉटस्पॉट नाही लावत, यूएसबी टेदरिंग करते. फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉट अँड टेदरिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं, लॅपटॉपला वाटतं लॅनची वायर लावलीय. वायफाय मधे येतच नाही, त्यामुळे बाबूसारखं ब्लूटूथचं भांडण पण नाही, आणि फोन लॅपटॉपवर चार्ज होतो. आमच्याकडे रेंज फक्त माडीच्या पश्चिमेच्या खिडकीत, म्हणून तिथे लांब केबल घेऊन बसते. केबल डेटाची पाहिजे, नुसती चार्जिंगची चालत नाही, हे विचारणारे खूप भेटतात.

हॉटस्पॉटच लावायचा असेल तर बाबूने लक्षात ठेव, तुझं कार्ड २.४ चं, फोनच्या हॉटस्पॉटमध्ये बँड निवडायची सोय असते तिथे २.४ ठेव, नाहीतर लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसणारच नाही. आयफोनवर मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी म्हणून बटण आहे, ते चालू करायचं.

आणि लॅपटॉपवर ते कनेक्शन मीटर्ड करून ठेव, प्रॉपर्टीजमध्ये सेट ॲज मीटर्ड कनेक्शन. नाहीतर विंडोज अपडेट आणि फोटोंचा बॅकअप मिळून रोजचा डेटा चहा होईपर्यंत फस्त. व्हिडिओ चालू ठेवून कॉल केला तर तासाला एक जीबीच्या आसपास जातोच, मी लाईट नसली की कॅमेरा बंद ठेवते, मुलं पण खूश.

खाडीपलीकडे

गणपतीत काय करणार ते सांगा आता. चाकरमानी आले की पहिला प्रश्न दर्शनाच्या आधी, वायफायचा पासवर्ड काय.

दीपगृह_जवळ

😄 खरंय. राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं ते चालू करायचं, वेगळं नाव वेगळा पासवर्ड, विसर्जन झालं की बंद. पाहुणे नेट वापरतात पण तुमच्या लॅपटॉपवरच्या शेअर केलेल्या फोल्डरपर्यंत पोचत नाहीत. जमलं तर गेस्ट फक्त ५ वर ठेवा, हल्लीचे बहुतेक फोन ५ पकडतात, आणि २.४ बाबूच्या जुन्या लॅपटॉपला राहील. आणि डब्ल्यूपीएस बंद करून ठेवा, बटण दाबलं की कोणीही जोडला जातो, वाडीतली पोरं हुशार आहेत.

सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ वर किंवा २ आणि ३ एकत्र अशी ठेवा. फक्त डब्ल्यूपीए३ केलंत तर जुनी कार्डं जोडली जात नाहीत आणि मग अजून एक धागा काढावा लागेल.

मालवणी_खाजो

बाबू, दारावर टांगलंस ता बरा केलंस. पण राती दार लावतंस तेव्हा बघ, सागवानी जाड दार असला तर पडवीत थोडा कमी जाताला, तरी चिऱ्यापेक्षा बरा. आणि पडवीच्या आढ्यावर पाली लय, राऊटराच्या भोकांत शिरतत, ऊब लागता ना. खालच्या बाजूक बारीक जाळी लाव, हवा जावक होयी पण.

पडवीतला_बाबू

पालीचं खरंच ध्यानात नव्हतं. सगळ्यांचे आभार. डोंगल मागवलाय, रत्नागिरीहून कोणी येणार आहे त्यांच्याबरोबर येईल. तोपर्यंत वायरवर. एकच विचारायचंय, पडवीतून खळ्यात जी छोटी खोली आहे (पूर्वी आंब्याची पेटी भरायची) तिथे कायमचं ऑफिस करायचा विचार आहे. राऊटरपासून केबल टाकली तर किती लांब चालेल आणि कुठली घेऊ?

कातळकोपरा

तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं वीस-पंचवीस मीटरच्या आत भागेल. कॅट ५ई पण पुरे, कॅट ६ घेतली तर दोन पैसे जास्त. दुकानात सीसीए लिहिलेली घेऊ नका, ती आतून ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा, खाऱ्या हवेत लवकर कामातून जाते. उघड्यावरून जाणार म्हणून काळी, बाहेर वापरायची केबल मागा, आणि पीव्हीसी पाइपातून न्या, उंदीर कुरतडतात. पाइपाला खोलीपासून बाहेरच्या बाजूला खाली उतार द्या म्हणजे पाणी आत न येता बाहेर ठिबकेल. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा लॅन ॲडाप्टर मिळतो.

फक्त दोन इमारतींमधे तांब्याची केबल म्हणजे विजेला आमंत्रण, दीपगृहवाले म्हणाले ते लक्षात ठेवा, गडगडायला लागलं की दोन्ही टोकं काढायची. ते जमणार नसेल तर त्याच कंपनीच्या माणसाला विचारा, फायबरच खोलीपर्यंत नेऊन डबा तिकडे हलवता येतो का, आणि मग घरात जुना राऊटर लावा. पण मग आईच्या टीव्हीला नेट कुठून देणार ते आधी ठरवा.

पडवीतला_बाबू

टीव्ही डिशवर आहे, पावसात जातो 😄 त्याला नेट नकोच. फायबरचं विचारतो उद्या.